घंटा थांबल्यावर

फोस्का जागी होण्याआधीच तिचा राग उठून बसला होता. आदल्या संध्याकाळी बारमध्ये म्हाताऱ्या प्रिमोने चार माणसांदेखत, पत्ते पिसता पिसता विचारलं होतं, "तुझी ब्रीना हल्ली देवधर्माला लागली का गं? मागच्या महिन्यात तुझ्या भाच्याबरोबर खाली टेकड्यांवर दिसली. घंटा अशी वाजत होती, मला वाटलं रविवार आला."

सगळे हसले. फोस्काने कॉफी अर्धी टाकली आणि ती घरी आली.

त्या खोऱ्यात कुत्रीवरचा हा विनोद साधा नव्हता. तिथलं रान इतकं दाट की वीस पावलांवरची कुत्री दिसत नाही, म्हणून तिच्या गळ्यात घंटा बांधतात. घंटा वाजते आहे तोवर कुत्री शोधते आहे. घंटा थांबली की तिला पक्षी सापडला, आणि ती त्याच्यासमोर दगडासारखी उभी आहे. मग माणसाने आवाज न करता तिथे पोचायचं. पक्षी म्हणजे बेकाच्चा, लांब चोचीचा, वाळल्या पानांच्या रंगाचा. पायाखाली येईपर्यंत दिसायचा नाही. फोस्काचे वडील म्हणत, घंटा थांबली म्हणजे कुत्र्याने शब्द दिला. माणूस पोचण्याआधी घंटा पुन्हा वाजली, तर शब्द मोडला. चाळीस वर्षांत फोस्काने अकरा सेटर जातीचे कुत्रे याच नियमावर तयार केले होते. शब्द मोडणारं कुत्रं तिने दुसऱ्या मोसमापर्यंत कधी ठेवलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये पोटमाळ्याच्या शिडीवरून पडून तिचा घोटा मोडला. पाच वर्षांची ब्रीना ऐन तयारीच्या दिवसांत अंगणात पडून राहील, म्हणून फोस्काच्या बहिणीचा मुलगा लोरिस तिला खाली चेझेना शहरात घेऊन गेला होता. तिथे त्याचं फरशांचं दुकान होतं. दहा आठवड्यांनी, गेल्या रविवारी, त्याने तिला परत आणून सोडली. मंगळवारी शिकारीला बंदी, म्हणून फोस्काने त्याला बुधवारी बोलावलं. बंदूक आणू नको, असंही बजावलं.

तो आला तेव्हा ती फाटकात उभी होती.

"आज ही पक्ष्यावरून हलली," ती म्हणाली, "तर संध्याकाळी प्रिमोकडे जाईल. कोंबड्या राखायला. आणि तू माझ्या दारात पुन्हा पाय ठेवायचा नाहीस."

"मावशी, आधी बघ तर."

"बघायलाच बोलावलंय."

चेस्टनटच्या झाडांखालची वाट चढताना ती काठीवर भार टाकत होती. ब्रीना पुढे गेली, दोन वळणांत दिसेनाशी झाली. घंटेचा आवाज तेवढा उरला.

"काय काय शिकवलंस तिला?"

लोरिसने वाटेतली फांदी बाजूला धरली. "सुरुवातीला लावे आणले होते."

"पिंजऱ्यातले?"

"पाचच दिवस."

"पिंजऱ्यातले लावे." तिने प्रत्येक शब्द वेगळा उच्चारला. "ज्यांना उडता येत नाही ते."

"उडत होते. थोडे."

"थोडे. म्हणजे पक्षी समोर बसलेला, उठत नाही, आणि कुत्रीला दिसतंय की एक उडी मारली की तोंडात येतो. मग ती थांबेल कशाला? तुझ्या तोंडाकडे बघून?"

"म्हणूनच सोडून दिलं ना. तिने एक पकडला, त्याच दिवशी बंद केलं. मग टेकड्यांवर नेत होतो. तिथे रानटी फेझंट आहेत, पळणारे. त्यांच्यावर ती—"

"माझ्या रानात पक्षी बसतो. पळत नाही."

"मावशी, हल्ली बेकाच्चासुद्धा—"

घंटा थांबली.

दोघंही जागच्या जागी उभी राहिली. आवाज डावीकडच्या घळीत बंद झाला होता. फोस्काने बंदूक खांद्यावरून उतरवली आणि दुखऱ्या पायाने जमेल तितक्या वेगात निघाली. तीस पावलं गेली असेल, तोच घळीतून घंटा किणकिणली. मग थांबली. मग पुन्हा.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने शिट्टी तोंडात धरली आणि एक लांब, कर्कश फुंकर मारली. त्या शिट्टीचा अर्थ एकच होता: आहेस तिथे खाली बस. खाली कुठेतरी पंख फडफडले आणि आवाज दूर गेला.

ब्रीना नेच्याच्या झुडपात पोट टेकून बसली होती. फोस्काने तिची मानगूट धरली, ती पहिल्यांदा थांबली असावी तिथवर फरफटत मागे नेली आणि उभी केली. "इथे. इथे म्हणजे इथे." कुत्री जीभ आत घेऊन समोर बघत राहिली.

"पक्षी चालत होता," मागून लोरिस म्हणाला.

"तू पाहिलास?"

"नाही. पण घंटा कशी वाजली ते ऐक ना. दोन पावलं, थांब. दोन पावलं, थांब. झडप घालणारी कुत्री अशी वाजते का?"

"चाळीस वर्षं घंटा मी ऐकतेय. तू फरशा मोज."

दुसऱ्यांदा घंटा थांबली ती बीच वृक्षांच्या रानात, उत्तर उतारावर. या वेळी फोस्का वीस पावलांवर होती. मधे होलीची काटेरी झुडपं आणि पडलेली खोडं, दिसत काहीच नव्हतं. ती श्वास धरून पुढे सरकली. घंटा हळूच किणकिणली. तिने शिट्टी फुंकली, मग दुसऱ्यांदा फुंकली. पक्षी उठला, झाडांमागून गेला. ब्रीनाला तिने पुन्हा मानगूट धरून बाजूने मागे ओढलं, आणि या वेळी नुसतं उभं करून थांबली नाही. हातातल्या पट्ट्याचा एक तडाखा कुत्रीच्या पाठीवर पडला. कुत्री ओरडली नाही.

"संपलं," फोस्का म्हणाली. "पाच वर्षं घालवली हिच्यावर मी. पाच वर्षं. आणि तू दहा आठवड्यांत मातीत घातलीस. चल खाली. प्रिमोला फोन लाव."

लोरिस हलला नाही. तो खाली जमिनीकडे बघत होता. "तुझा फोन तूच लाव. पण आधी इकडे ये."

"काय आहे?"

"ये म्हटलं ना. मार मलाही हवं तर, पण ये."

त्या उतारावर ऊन पोचत नव्हतं. रविवारी पडलेला बर्फ पातळसा टिकून होता. त्यावर पक्ष्याची पावलं होती, तीन बोटांची, बारीक, एकामागोमाग एक. एका जागी बर्फाला चोच टोचल्याची भोकं. पावलं होलीच्या कडेने आठ-दहा हात गेली होती. त्यांच्या मागे, दोन हात अंतर राखून, ब्रीनाचे पंजे. पक्षी जिथे थांबला होता, त्याच्या मागे कुत्रीच्या पंजांखालचा बर्फ वितळून दबला होता. पक्षी पुढे निघाला तिथे पंजे हलके, जवळजवळ. पुन्हा थांबला, पुन्हा दबलेले. पक्षी तीनदा थांबला होता. कुत्रीही तीनदा.

शेवटचा पंजा पक्ष्याच्या शेवटच्या खुणेपासून दोन हातांवरच होता. तिथे ती शिट्टी ऐकून बसली होती.

फोस्का काठी टेकून वाकली आणि त्या खुणा दोनदा पाहिल्या, शेवटाकडून सुरुवातीकडे आणि पुन्हा उलट. एखाद्या साक्षीदाराच्या जबानीत खोट शोधावी तशी. खोट सापडेना.

"बसल्या पक्ष्यासमोर ती हलत नाही," लोरिस म्हणाला. "चालत्या पक्ष्याला सोडतही नाही. उभी राहिली असती तर तो केव्हाच निसटला असता. हे मी नाही शिकवलं तिला. फेझंटांनी शिकवलं."

"सकाळीच का नाही सांगितलंस?"

"दोनदा सांगितलं."

"ओरडून सांगायचं."

"तुझ्यावर ओरडलेला माणूस कुणी पाहिलाय का खोऱ्यात?"

राग कमी झाला नव्हता. तोंड फिरवून तो राग आता तिच्याकडेच बघत होता, आणि ते तिला मुळीच सोसत नव्हतं. सगळं आयुष्य तिने कानांनी शिकार केली होती. तिने तयार केलेल्या अकरांपैकी ज्यांना तिने शब्द मोडला म्हणून काढून टाकलं, त्यांच्यापैकी किती जण नुसते पक्ष्यामागे चालले होते? दिना गेली ती याच कारणाने. तो काळा-पांढरा मोरोही.

"पुढे," ती कुत्रीला म्हणाली. ब्रीना निघाली, पण आधीसारखी धावत नाही.

कोळसेवाल्यांच्या जुन्या मोकळ्या जागेवर तिसऱ्यांदा घंटा थांबली. या वेळी सगळं डोळ्यांसमोर होतं. ब्रीना जुनिपरच्या झुडपाकडे नाक करून उभी, शेपूट सरळ, एक पुढचा पाय अर्धा उचललेला. फोस्का तिच्या मागे पोचली. झुडपाखालून पक्षी निघाला. मान आखडून, शेपटीचं पांढरं टोक दाखवत, तो पानांवरून सावकाश चालू लागला. एक हात. तीन हात. दहा.

ब्रीना हलली नाही. तिच्या मागच्या पायांचे स्नायू थरथरत होते. मग तिने मान वळवून फोस्काकडे पाहिलं. समोर पक्षी असताना तिने असं आजवर कधी केलं नव्हतं.

"जा," फोस्का हळू म्हणाली. "जा, ब्रीना. जा ना."

कुत्रीने उचललेला पाय खाली टेकवला आणि ती होती तिथेच उभी राहिली. इथे म्हणजे इथे. पक्षी मोकळ्या जागेच्या पलीकडे पोचला, बीचच्या बुंध्यामागे गेला आणि तिथून उडाला. बंदूक उचलायचं फोस्काच्या मनातही आलं नाही.

"एका सकाळीत," ती शेवटी म्हणाली. "तुला दहा आठवडे लागले. मला ते मोडायला एक सकाळ."

"येईल परत. लहान नाही ती, विसरणार नाही."

"माझ्याजवळ नाही यायची." तिने बंदूक उघडून काडतुसं काढली आणि खिशात कोंबली. "घेऊन जा तिला. आजच. मोसम संपेपर्यंत तुझ्याकडे राहू दे, टेकड्यांवर ने, पळणाऱ्या पक्ष्यांवर."

"आणि तू?"

"मी हिंडेन एकटी. पक्षी कसा चालतो ते साठाव्या वर्षी बघायचं राहिलंय माझं."

"मावशी, मोसम ऐन भरात आहे. कुत्र्याशिवाय तू—"

"मला दया दाखवू नकोस, लोरिस. आत्ता नको. आणि पुन्हा लावे आणलेस, तर दुकानात येऊन एकेक फरशी फोडीन."

"कळलं."

"प्रिमोला काय सांगायचं ते मी सांगते. चार माणसांदेखत."

खाली फाटकाशी लोरिसने गाडीचं मागचं दार उघडलं. ब्रीना दारापर्यंत आली आणि थांबली. एरवी दार अर्धं उघडायच्या आत ती आत असायची. आता ती फोस्काकडे बघत उभी राहिली, पुढचे दोन्ही पाय जुळवून, परवानगी मिळेपर्यंत.

"चढ," फोस्का म्हणाली. तिला ते दोनदा म्हणावं लागलं.