गॅलरीच्या भेगेवरची रेघ

कापड घेताना धाकटीने आयुष्यभर आधी उलटी बाजू पाहिली. दुकानदार कितीही गोड बोलो, ताग्याचा कोपरा उलटा केल्याशिवाय तिने कधी पिशवीचे तोंड उघडले नाही. शिवणकामातली तिची नजर अवघ्या गल्लीला ठाऊक होती. मात्र भाड्याने देण्यासाठी पहिलावहिला फ्लॅट घेताना ती ताज्या रंगाला भुलली. पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत उभे राहून तिने वारा खाल्ला, दलालाचे कौतुक ऐकले आणि सही केली. खाली जाऊन मान वर करून पाहावे, हे तिला सुचलेच नाही.

थोरल्या जावेने तेव्हाच बजावले होते, "घर म्हणजे फ्रॉक नव्हे गं, तोकडा झाला की पट्टी जोडायला."

"ताई, तुम्हाला माझं काहीच धड दिसत नाही," धाकटी म्हणाली होती.

फ्लॅटमध्ये एक परिचारिका आपल्या म्हाताऱ्या आईसह राहायला आली. पहिले भाडे आणायला गेली असता धाकटीला गॅलरीखालच्या पायऱ्यांवर सिमेंटचा एक पोपडा पडलेला दिसला. तिने प्रथमच वर पाहिले. गॅलरीच्या पोटाला गंजाचे तांबडे डाग होते आणि मधोमध एक सळई उघडी पडली होती.

तिने तिथूनच दलालाला फोन लावला.

"वहिनी, जुनी इमारत आहे, अंगावर चार ओरखडे असायचेच," तो हसला. "भाडेकरणीपुढे मात्र चकार शब्द काढू नका. ती गेली तर कर्जाचा हप्ता काय तुमची शिलाई मशीन भरणार?"

मशीन भरू शकत नव्हती, हे धाकटी जाणून होती. ती वर गेली. कठडा जिथे भिंतीला भिडतो तिथे उभी भेग होती. परिचारिका कामावर गेली होती; तिची आई, आजी, गॅलरीत खुर्ची टाकून उन्हात बसल्या होत्या. त्यांची नजर चुकवून धाकटीने पर्समधला कापडावर खुणा करायचा खडू काढला आणि भिंतीवरून कठड्यापर्यंत, भेगेला आडवी, एक सरळ रेघ ओढली. रेघ जागेवर राहिली तर भय नाही, असे तिने मनाला समजावले. मग आत जाऊन चहा केला आणि आजींना त्याच खुर्चीत नेऊन दिला.

त्यानंतर तिचे चित्त थाऱ्यावर राहिले नाही. शेजारी कुणी फळी आपटली तरी तिचा पाय मशीनच्या पायडलवर थबके. एकदा सुई बोटात शिरली.

"कुणाचं भूत मागे लागलंय?" थोरलीने विचारले.

"झोप नाही ताई, दुसरं काही नाही."

आठवडा सरला आणि पाण्याचा नळ पाहण्याचे निमित्त काढून ती पुन्हा तिथे गेली. दार उघडेच होते. दोन हमाल नवे कोरे वॉशिंग मशीन गॅलरीच्या उंबऱ्याशी आणत होते, आणि पलीकडे, कठड्याला टेकून, आजी बसल्या होत्या.

"या काकू," परिचारिका म्हणाली. "नळ तिकडेच आहे ना, म्हणून मशीन गॅलरीत ठेवतेय. आईला सोबतच होईल."

धाकटीची नजर रेघेकडे गेली. भिंतीवरचे टोक होते तिथेच होते. कठड्यावरचा तुकडा मात्र शिवणीच्या टाक्याएवढा खाली उतरला होता.

ओरडावे तर आजी दचकून उठतील. तिने हमालाच्या दंडावर हात ठेवला.

"मशीन इथंच टेकवा. पुढे पाऊल टाकू नका," ती हळूच म्हणाली, आणि मग, "आजी, आत येता का? सावकाश. कठड्याला धरू नका, माझा हात धरा."

"अगं, ऊन चांगलं आहे," आजी कुरकुरल्या.

"आत माझ्याशी बोलत बसा. या."

आजींनी उंबरा ओलांडला तेव्हा कुठे धाकटीने श्वास सोडला. मग तिने सगळे सांगितले, पोपड्यापासून चहापर्यंत.

परिचारिकेने उंबऱ्यातूनच वाकून ती रेघ पाहिली. "म्हणजे रेघ मारली तेव्हा तुम्हाला शंका होती?"

"होती."

"आणि तरी माझ्या आईला चहा तिथं नेऊन दिलात?"



मायलेकींनी त्याच संध्याकाळी सामान हलवले. खुर्ची आणायला गॅलरीत कुणी गेले नाही.

गॅलरी पाडायला गवंडी आला तेव्हा थोरली धाकटीबरोबर रस्त्यापलीकडे उभी होती. तिने एकही टोमणा मारला नाही आणि धाकटीला त्याचेच अधिक भय वाटले. गवंड्याने आतून पहिला घाव घातला. दुसऱ्याची गरज पडली नाही. सबंध गॅलरी खुर्चीसकट पायऱ्यांवर कोसळली.

धुरळा खाली बसला तेव्हा धाकटीने थोरलीचा पदर मुठीत धरला होता. वर भिंतीला अर्धी रेघ तशीच राहिली होती. तिच्यापुढे काहीच नव्हते.