भट्टीवाल्याचा हात

"बाळाचं अंग कधीपासून गरम आहे?" डॉक्टरांनी विचारलं. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो फरशीकडे बघत होता.

"काल संध्याकाळपासून," मी म्हणाले. "पण आमच्याकडे थर्मामीटरचं काम यांचा हात करतो ना!"

नवरा बेकरीत भट्टीवर असतो. पीठ फुगलं का, भट्टी तापली का, सगळं तो हातानेच ओळखतो, आणि चुकत नाही. काल मी म्हटलं, "पोराचं अंग कढत लागतंय," तेव्हा कामावरून आल्या आल्या त्याने बाळाच्या कपाळावर हात ठेवला. "छे, गार आहे की! उगाच काहीतरी खूळ घेतेस डोक्यात." मीही गप्प बसले. दिवसभर भट्टीतले तापलेले पत्रे ओढणाऱ्या त्या हाताला सगळं जगच गार लागणार, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

सकाळी बाळाने दूध ओढणंच सोडलं.

एवढ्याशा जिवाचा ताप म्हणजे खेळ नाही, असं म्हणत डॉक्टरांनी रक्त काढलं, पाठीतून पाणी काढलं, इवल्याशा हाताला सुई लावून तो फळीला बांधला. "औषध चालू केलंय. आता तो तोंडाने प्यायला लागला पाहिजे. तोवर काही सांगता येणार नाही."

सोबत एकालाच राहता येणार होतं. नवरा दारात चुळबुळत उभा राहिला. "मी खाली थांबू का?"

"नको. घरी जा. आणि सारखा फोन करून माझं डोकं खाऊ नकोस. काही झालंच तर मी करीन."

तो गेला. भांडलासुद्धा नाही, म्हणून मला आणखीच राग आला.

मग खोलीत पाळणा, मशीन आणि मी. छाती दुधाने दगड झाली होती, आणि ज्याच्यासाठी ते दूध, तो तोंडही वळवत नव्हता. मी वाटीत काढून द्यायचे, सिस्टर नळीने त्याच्या पोटात सोडायच्या. त्या आल्या की मी त्यांना काहीबाही विचारत राहायचे, नुसतं त्यांनी आणखी थोडं थांबावं म्हणून. पण त्यांना इतर पाळणेही होते. एरवी कुणावर चिडले की माझा वेळ बरा जातो. तिथे जाईना. फोन हातात घ्यायचे आणि पालथा ठेवायचे. करू दे की त्यानेच, नको म्हटलं म्हणून काय झालं? इतकं एकटं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाळाने मोठी जांभई दिली, छातीशी घेतल्यावर तोंड इकडेतिकडे घासलं आणि दूध असं काही ओढलं, की कळ माझ्या मस्तकात गेली.

"आता कसं!" सिस्टर हसल्या आणि पुढच्या पाळण्याकडे गेल्या.

मला हे कुणाला तरी सांगायचं होतं. आता, लगेच. सगळा राग गुंडाळून ठेवून मी एका हाताने नवऱ्याला फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला गेला. पण तो बोलेना. नुसता श्वास ऐकू येत होता.

"अरे, मी बोलतेय."

"तो आहे ना गं?"

काही झालंच तर करीन, असं मीच सांगितलं होतं. मी इथे त्याच्या फोनची वाट बघत होते, आणि तो तिथे, आपला फोन वाजू नये म्हणून जीव मुठीत धरून बसला होता.

"आहे रे," मी म्हणाले. "पितोय."