पाणी सोडतो, धोंडे धरतो

मी येलदरीजवळच्या डोंगरातला जाळीचा बंधारा बोलतोय. तारेच्या पिंजऱ्यांत काळे दगड भरले, पिंजरे एकमेकांना शिवले आणि घळीच्या तोंडाशी मला उभं केलं. माझ्या फटींतून पाणी सरळ निघून जातं. पाण्यासाठी आसुसलेल्या या मुलखात पाणी न अडवणारा बंधारा म्हणजे बिनकामाचा, असं गावाने पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं.

मला बांधलं राजेश्रीने. परभणीहून स्कूटीवर येणारी ही तरुण इंजिनिअर. आदल्या साली या घळीतून चिखल-दगडांचा लोंढा उतरला आणि खाली राहणाऱ्या आश्रुबाच्या गोठ्याची भिंत घेऊन गेला. बैल शेतात होते म्हणून वाचले. पुन्हा तसं होऊ नये, एवढ्यासाठीच माझा जन्म.

पण आश्रुबा एक नंबरचा हट्टी. पोळा जवळ आला तसं बैल धुवायला दारातच पाणी हवं, असं त्याच्या मनाने घेतलं. पोत्यांत माती भरून त्याने माझ्या फटी बुजवल्या, वरून चिखलाने लिंपलंही. वरच्या अंगाला तळं साठलं. येणारेजाणारे त्याच्या डोक्याचं कौतुक करू लागले आणि इकडे माझा जीव गुदमरायला लागला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी राजेश्री पाहणीला आली. तळं बघून ती हबकलीच. डोंगरावर ढग दाटत होते. तिने आश्रुबाला परोपरीने समजावलं. अशा लोंढ्यात मोठे धोंडे मागे राहत नाहीत, सगळ्यात पुढे येतात, पहिला दणका त्यांचाच. जाळी वाकून तो दणका झेलते, पण पाणी पाझरून गेलं तरच. नाहीतर साचलेलं पाणी आणि चिखल मिळून बंधारा उलथून टाकतात. आश्रुबा तंबाखू मळत ऐकत राहिला आणि पोळा झाल्यावर बघू म्हणाला.

तेव्हा त्याची बायको नर्मदाबाई पदर खोचून पुढे झाली.

"बैलं धुवायला पाणी साठवायलाव तुमी," ती म्हणाली. "आन् बैलंच न्हाई राहिले, तर त्या पाण्याचं काय करताव?"

तंबाखू झटकून आश्रुबाने कुदळ उचलली. तिघांनी मिळून पोती ओढून काढली, आणि कोंडलेलं पाणी फटीफटींतून धावत सुटलं. किती दिवसांनी मोकळा श्वास घेतला मी!

संध्याकाळी गोठ्यात खांदमळणी चालली होती. नर्मदाबाई बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळत होती, आश्रुबा वेसण धरून उभा होता. वर डोंगरावर ढग फुटला. आधी जमीन थरथरली, मग घळीतून घरघर आली, आणि सगळ्यात पुढे म्हशीएवढा धोंडा.

तो माझ्या छाताडावर आदळला. तारा करकरल्या, पोटातले दगड एकमेकांवर घासले, मी हातभर मागे वाकलो. त्याच्यामागून दुसरा आला, तिसरा आला, मग दाट चिखल. ढकल बाबा, म्हटलं, किती ढकलतोस ते बघू. पाणी माझ्या फटींतून खाली पळत होतं आणि पाण्यावाचून चिखल जड होत होता, सुस्त होत होता. शेवटी अख्खा लोंढा माझ्या छातीला टेकून गप्प बसला. गोठ्यापर्यंत पोचलं ते नुसतं गढूळ पाणी. मी जिंकलो होतो.

दुसऱ्या दिवशी आश्रुबाने हापशावर बादल्या भरभरून बैल धुतले. झुली घातल्या, शिंगं रंगवली. मिरवणूक मारुतीच्या देवळाकडे निघायची, पण त्याने जोडी आधी उलटी, घळीकडे वळवली. माझ्या वाकलेल्या तारांना हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला आणि बैलांना म्हणाला, "पाया पडा रे. ह्याच्यामुळंच आज पोळा हाय."

बैलांनी माना हलवल्या. त्या घुंगरांच्या आवाजाने माझा ऊर भरून आला.

आता मी थोडा पोक आलेला, दोन तारा तुटलेला उभा आहे. मला बिनकामाचा म्हणणाऱ्यांवर माझा राग नाही. एकच मागणं आहे. माझ्या छातीशी साचलेला गाळ उपसून शेतात न्या, तारा शिवा, जागा मोकळी करून द्या. डोंगरात अजून पुष्कळ धोंडे आहेत, आणि माझी हौस फिटलेली नाही.