जीप थांबली तेव्हा

“खाली नका पाहू जी बाई, समोर पाहा! पायडल मारा!” कॅरियर धरून धावणारा धोंडबा ओरडला. तोवर कौशल्या सिस्टर सायकलसकट कस्तुरचंद पार्कच्या धुळीत आडव्या झाल्या होत्या. सकाळी फिरायला आलेली माणसं हसली. कौशल्याबाईंनी पांढरं पातळ झटकलं आणि सायकल उभी केली.

“धर गा, धोंडबा. पुन्हा.”

चाळिशी उलटलेली बाई. धोंडबा दवाखान्याच्या जीपचा ड्रायव्हर. पण जीप आता लिंबाखाली उभी राहून धूळ खात होती. त्र्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर सरकारनं पेट्रोलवरचा कर वाढवला, भाव एकदम भडकले आणि दवाखान्याच्या पेट्रोलला कात्री लागली.

त्यातच शहराबाहेरच्या पारडीची गोपिका बाळंतपणात अडली. तिचा नवरा धावत बोलवायला आला. कौशल्याबाई त्याच्यासोबत पायीच निघाल्या. पोचल्या तेव्हा बाळ निळं पडलं होतं. गोपिका रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, “बाई, उशीर काहून झाला?”

दुसऱ्या दिवशी त्या डॉक्टरांपुढे उभ्या राहिल्या.

“सिस्टर, तेल परदेशातून आणावं लागतं. सरकार तरी काय करणार?” डॉक्टर म्हणाले.

“सरकारची अडचण समजते मले, साहेब. पण पेट्रोल स्वस्त होऊस्तोर बाळंतीण थांबन का?”

डॉक्टरांनी मान खाली घातली. “मी पेट्रोल कुठून आणू?” त्यांचंही खरंच होतं. त्याच संध्याकाळी कौशल्याबाईंनी धोंडबाची सायकल मागितली.

घरी यजमान मधुसूदनराव चिडले. “या वयात सायकल? लोक हसतील ना!”

“हसू द्या. हसल्यानं कोणी मरत नाही.”

पुढे कोपरं सोलली, पातळ साखळीत अडकून फाटलं. पण बाई हटल्या नाहीत. थंडी सरता सरता एका दुपारी पारडीहून निरोप आला, रुखमाबाईच्या सुनेला कळा सुरू झाल्या होत्या. कौशल्याबाईंनी बॅग कॅरियरला बांधली आणि भंडारा रोड धरला. चहाच्या टपरीवरून कोणीतरी शीळ घातली. पुलाजवळ मागून ट्रकचा भोंगा वाजला, हँडल डगमगलं आणि बाई खडीवर आदळल्या. उठल्या, टांग टाकली, पुन्हा निघाल्या.

या वेळी त्या वेळेत पोचल्या. नाळ गळ्याभोवती होती. ती सोडवली, आणि पोरगी जी रडली ती पार गल्लीपर्यंत ऐकू गेली.

“बाई, तुमच्या पायाले रगत!” रुखमाबाई दचकली.

“राहू द्या. पहिले पोरीले गुंडाळा.”

सगळं आवरून त्या ओट्यावर येऊन टेकल्या, तेव्हा कुठे गुडघा ठणकायला लागला. समोरच्या दारात गोपिका उभी होती. आतलं रडणं तिनंही ऐकलं होतं. ती घरात गेली, पाण्याचा गडवा घेऊन आली आणि बाईंच्या पायाशी बसली.

गोपिका हलक्या हातानं जखमेतली खडी काढत राहिली.