अर्ध्या सुकाणूचा सूड

मी एक जुने सुकाणू आहे. खरे म्हणजे अर्धेच आहे. उरलेले अर्धे ग्रीसमधल्या केओस बेटाच्या बंदराच्या तोंडाशी तळाला पडले आहे. मित्रांनो, वस्तू माणसांना क्षमा करतात असे तुम्हाला शाळेत शिकवले असेल. मी केलेली नाही. त्यामुळे ही हकीकत जरा खारट लागेल.

माझा जन्म डोंगरावरच्या एका पाइन वृक्षात झाला. सुताराने मला तासून रुंद पाते दिले, लांब दांडा दिला आणि एका लहान मालवाहू नावेच्या पिछाडीला बसवले. त्या दिवसापासून माझ्या दांड्यावर एकाच माणसाचा हात होता. त्याचे नाव म्नासोन. बावीस उन्हाळे आम्ही मिळून तेलाचे रांजण आणि वैतागलेल्या बकऱ्या बेटाबेटांवर पोचवल्या.

मला जो धरतो त्याला आमच्याकडे किबेर्नेतेस म्हणतात. हा शब्द कुणी घडवला ते कुणालाच ठाऊक नाही. बंदरावरचे म्हातारे सांगत की तो आमच्याही आधी या बेटांवर राहणाऱ्या लोकांचा असावा. घरे त्यांची गेली, शब्द मागे राहिला. अर्थ मात्र साधा होता. वारा, तारे, पाण्याची ओढ ओळखून जो नाव वळवतो आणि चुकला तर सगळ्यांबरोबर बुडतो, तो किबेर्नेतेस. हा शेवटचा भाग लक्षात ठेवा. शब्द गावात शिरला तेव्हा नेमका तोच गळाला.

हिवाळ्याआधी कृत्तिका मावळल्या की समुद्र बंद होई. नाव किनाऱ्यावर ओढून, पावसाचे पाणी साचू नये म्हणून तिच्या तळाचे बूच काढत, आणि मला खांद्यावर टाकून म्नासोन घरी नेई. तिथे मी चुलीवर, धुरात टांगलेले असे. सगळे सुकाणूवाले हेच करतात. धुराने लाकूड सुकते आणि भुंगेरे फिरकत नाहीत. खाली म्नासोनची बायको फिलिन्ना मसुराची आमटी ढवळत पुटपुटायची, "घरात दोन म्हातारे. एक टांगलेला, एक लोळलेला. टांगलेला निदान खायला मागत नाही." इतके कौतुक मला पुन्हा कुठे मिळाले नाही.

मग एका वर्षी नावेचा मालक क्लेआंद्रोस नगराचा प्रमुख निवडला गेला. सभेत एका वक्त्याने नगर म्हणजे नाव आणि क्लेआंद्रोस तिचा किबेर्नेतेस, असे भाषण ठोकले. क्लेआंद्रोसला ते इतके गोड लागले की त्याने ठराव करून घेतला: यापुढे या गावात ही पदवी एकट्या प्रमुखाची. म्नासोनने नावेतले पाणी उपसावे आणि हाक मारली की यावे. ज्या माणसाला बोटीवर चढताना दोघांनी धरावे लागे, त्याने बावीस वर्षांचे नाव एका दुपारीत काढून घेतले.

मलाही चुलीवरून काढले. सोनेरी मुलामा चढवून सभागृहाच्या दारावर, भर खाऱ्या वाऱ्यात, लटकवले. म्नासोन हात जोडून म्हणाला, "मालक, हिवाळाभर धूर लागतो त्याला. नाहीतर किडेल."

क्लेआंद्रोस म्हणाला, "हे मानचिन्ह आहे रे, सुकट नाही."

मित्रांनो, मी त्याच क्षणी ठरवले. भुंगेरे आले तेव्हा मी त्यांचे स्वागत केले. दांडा आणि पाते जुळतात तिथून सुरुवात करा, म्हटले. मुलाम्याखाली राहा, म्हणजे दिसणार नाही. हिवाळाभर त्यांनी मन लावून काम केले. झाडणारी बाई रोज सकाळी माझ्याखालचा भुसा लोटायची. तिने एकदा विचारलेही. वाऱ्याने धूळ येते, असे प्रमुखांनी सांगितले.

वसंतात समुद्र उघडला. पहिली फेरी स्वतः क्लेआंद्रोस मारणार होता. अठरा सभासद सणाचे कपडे घालून नावेत बसले आणि सगळे गाव धक्क्यावर जमले. मला दारावरून उतरवून पुन्हा नावेला बांधताना म्नासोनने बोटाच्या पेराने ठोकून पाहिले. त्याचा चेहरा उतरला. मी मनात म्हटले, बाबा, गप्प राहा.

तो गप्प राहिला नाही. "मालक, हे आतून पोकळ झालंय. आज नाव काढू नका."

"पोटात दुखतंय वाटतं म्हाताऱ्याच्या," क्लेआंद्रोस म्हणाला. सभासद हसले.

एक साधे वल्हे काखेत मारून म्नासोन मागून नावेत चढला, पाणी उपसायचे भांडे घेऊन बसला. माझ्या सुडाच्या हिशेबात तो नव्हता. पण दांडा कुरकुरायला लागला होता आणि मला थांबता येत नव्हते. पोकळ लाकूड हुकूम ऐकत नाही, स्वतःचासुद्धा.

बंदराच्या तोंडाशी, खडकांसमोर, मी मोडले. पाते बुडाले. क्लेआंद्रोस हातात सोनेरी दांडा घेऊन उभाच होता आणि "डावीकडे, डावीकडे" असे समुद्राला सांगत होता.

"किबेर्नेतेस, वाचव रे!" अठरा जण एकदम ओरडले.

"थांबा, बघतो," क्लेआंद्रोस म्हणाला. पण त्याच्याकडे कुणी पाहतच नव्हते. अठराही माना म्नासोनकडे वळल्या होत्या. त्याने वल्हे पिछाडीला रोवले, छातीने रेटले आणि नाव खडकाला वळसा घालून चिखलात नेऊन बसवली. क्लेआंद्रोस उतरताना कमरेपर्यंत रुतला. त्याला धरायला या वेळी दोघे पुढे आले नाहीत. ठराव त्याच संध्याकाळी फाडला गेला.

म्नासोनने मला, उरलेल्या अर्ध्याला, घरी आणले. माझ्यामुळे तो बुडाला असता हे त्याला कळले होते की नाही, कोण जाणे. मुलामा खरवडत फिलिन्ना एवढेच म्हणाली, "आला बाई माझा टांगलेला." मी पुन्हा धुरात आहे. सुडाचा पश्चात्ताप नाही. म्नासोन मागून चढला, त्या एका क्षणाचा मात्र आहे.

पुढे आमचा शब्द रोमला गेला, तिथे बोलण्यात झिजला आणि फिरत फिरत तुमचा 'गव्हर्नर' झाला म्हणे. तेव्हा मित्रांनो, ज्या वस्तूवर आपला जीव तोलून धरतो तिला कामानंतर शोभेला टांगू नका. धूर द्या, तेल द्या, हात फिरवा. आणि कुणी स्वतःला तुमच्या नावेचा सुकाणूवाला म्हणवू लागला, तर त्याच्या हाताला धुराचा वास येतो का, ते जवळ जाऊन बघा.

येत नसेल तर मला कळवा. मी अजून अर्धे शिल्लक आहे.