पाच वीत, चार बोटं

माझे वडील, आबा, म्हणजे झुलाल मिस्तरी, धुळ्याचे सुतार. सासरहून, जळगावहून, मी माहेरी गेले की पाण्याचा तांब्या हातात यायच्या आधीच त्यांचा प्रश्न ठरलेला, "वाटमा काय देखं?" वाटेत काय पाहिलं ते नुसतं सांगून भागायचं नाही. "मोजं का? मोजं नहीं, ते देखंच नहीं." वितीने लाकूड मोजायला त्यांनीच मला लहानपणी शिकवलं होतं.

बाहत्तर साली माघात धाकट्या भावाची, पंडितची, तार आली. आबा दवाखान्यात, लगेच निघ. मिळेल ती एसटी धरली. पारोळ्याच्या पुढे एका अरुंद पुलाशी ती थांबली ती थांबलीच. समोरून येणारा ट्रेलर पुलावर अडकला होता. त्यावर शेतकऱ्याचा प्रचंड पितळी पुतळा आडवा बांधलेला. नागपूरकडे कुठल्याशा चौकात उभा राहायला निघाला होता म्हणे. त्याच्या खांद्यावरचा नांगर कठड्यात रुतला होता. इथे माझा जीव टांगणीला लागलेला आणि हे धूड रस्ता अडवून खुशाल झोपलेलं! मनातल्या मनात मी त्याला चार शिव्या हासडल्या.

कंडक्टर म्हणाला, "बाई, चालत पूल ओलांडा. पलीकडे अडकलेली गाडी धुळ्याला माघारी फिरतेय. पटकन जा, ती थांबणार नाही."

निघाले मी. पण ट्रेलरच्या टोकाला पुतळ्याची पावलं अगदी माझ्या तोंडासमोर आली. अनवाणी. टाचांच्या भेगासुद्धा कोरलेल्या. वाटलं, आबा विचारणार. मी काय सांगू, घाईत होते? माप ऐकलं की हसतील, उठून बसतील, असं काहीतरी खुळं डोक्यात शिरलं. पिशवी खाली ठेवली आणि टाचेपासून अंगठ्यापर्यंत मोजलं. पाच वीत, चार बोटं. चुकलं असेल म्हणून पुन्हा मोजलं.

पुलापलीकडे पोचले तेव्हा गाडी वळणावर धुरळा उडवत चालली होती. हाका मारल्या, धावले, रडले. पुढची गाडी तासाने मिळाली.

दवाखान्याच्या पायरीवर पंडित बसला होता. मला बघून उठला नाही.

"अक्का, आबा गयात. अर्धा घंटा व्हयना," तो म्हणाला. "तुनंच नाव लेत व्हतात."

तासातून अर्धा तास वजा करायला मला कुणी शिकवायला नको होतं.

खाटेवरची चादर आखूड पडली होती, आबांची पावलं उघडीच होती. मी पायाशी बसले.

"आबा, वाटमा पुतळा देखा. मोजा बी. पाच वीत, चार बोटं."

मग त्यांच्या पावलावर हात पसरला. पाऊल गार होतं. एक वीत, तीन बोटं.

पुन्हा मोजायची माझी हिंमत झाली नाही.