पाच खाचा

"गेली!" पंच ओरडला, आणि मैदानाकडेच्या बाकांवर एकदम कुजबुज सुरू झाली.

थोरलीने बंदूक खाली घेतली. कुठली गेली? तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, हवेत उडालेल्या त्या मातीच्या तबकडीतून भसकन धूळ निघाली होती. छर्रा लागल्याशिवाय धूळ काय आभाळातून येते? पण नियम म्हणजे नियम. तबकडीचा निदान एक तुकडा डोळ्यांना दिसेल असा पडला पाहिजे, नुसती धूळ उडाली तर ती चुकल्यात जमा. आज हे तिसऱ्यांदा झालं होतं, आणि ही तिची शेवटची तबकडी होती.

एका तबकडीने धाकटा जिंकला. तिचा सख्खा भाऊ. क्लबातून मोठ्या स्पर्धेला एकच जण जाणार होता, आणि वयाच्या अटीमुळे थोरलीची ही शेवटची खेप होती. मागच्या निवडीच्या वेळी आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून ती घरी थांबली. "पुढच्या वेळी बघू," असं बाबा म्हणाले होते. तर ती पुढची वेळ अशी आली आणि अशी गेली.

धाकटा पळत आला आणि तिच्या गळ्यात पडला. "ताई, शप्पथ, मला वाटलंच नव्हतं!" त्याचे डोळे भरून आले होते. पोरगा मनाने चांगला, तेच तर दुखणं. वाईट असता तर निदान मनसोक्त शिव्या तरी देता आल्या असत्या.

"धूळ उडाली होती," ती पंचाला म्हणाली.

"उडाली ना. मी कुठे नाही म्हणतोय?" पंच म्हणाला. "तुकडा पडला नाही."

बाकावरचा एक जुना सभासद हसला. "नाचता येईना अंगण वाकडं, असं नको हं करूस, पोरी. मास्तरांची लेक तू."

मास्तर म्हणजे तिचे बाबा. अख्ख्या क्लबाला बंदूक धरायला शिकवलेला माणूस. कोणी चांगलं खेळलं की "बरं" म्हणायचे. थोरलीच्या वाट्याला तेही फारसं आलं नव्हतं. लहानपणापासून ती एका शब्दासाठी झुरली, आणि बाबा तिला म्हणायचे, "खांदा सैल सोड." बस्स. धाकट्याची मात्र पाठ थोपटावी लागे, नाहीतर तो दोन दिवस जेवायचा नाही.

बंदुका पुसायच्या खोलीत ती एकटीच गेली. तिला पराभवापेक्षा ती धूळ छळत होती. नेम चुकला तर तबकडी शाबूत जाते. धूळ उडाली म्हणजे नेम बरोबर, पण छर्रे विरळ. एखाददुसराच लागला, बाकीचे आजूबाजूने निघून गेले. आणि छर्रे विरळ कशाने होतात, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. चोकने!

बंदुकीच्या तोंडाशी पेचाने बसवायची ती बोटभर नळी, तिला चोक म्हणतात. आतून आवळ असली तर छर्रे लांबपर्यंत एकमेकांना धरून जातात. मोकळी असली तर लगेच पांगतात. तबकडी जवळून आडवी जाते त्या खेळाला मोकळी बरी. इथे तबकडी समोरून लांब लांब पळत होती, इथे आवळच हवी. कुठली कुठली हे ओळखायला काठावर खाचा असतात, आणि नवशिके तिथेच फसतात. जास्त खाचा म्हणजे जास्त आवळ, असं त्यांना वाटतं. असतं नेमकं उलटं. एक खाच सगळ्यांत आवळ, पाच खाचा सगळ्यांत मोकळी.

तिने बंदूक उघडून रिकामी असल्याची खात्री केली, मग नळी फिरवून बाहेर काढली आणि दिव्याखाली धरली. पाच खाचा.

तिने पुन्हा मोजल्या. पाचच.

सकाळी दोघांच्या बंदुका बाबांनीच तयार केल्या होत्या. घरचा रिवाजच तसा. चोक लावणार बाबा, आणि बंदुकीच्या तोंडात डोकावायचं नाही, हा तर त्यांचा पहिला धडा. ती कधी डोकावलीच नव्हती. गरज काय? बाबांनी दिलेली बंदूक म्हणजे बाबांनी दिलेली बंदूक.

तिला आधी राग नाही आला, कीवच आली. बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. दिवसातून चारदा थेंब घालावे लागतात, आणि चहा ओततात तो निम्मा बशीत. बिचाऱ्यांना एक आणि पाच कळलं नसेल. ही गोष्ट क्लबात फुटली असती तर लोक मास्तरांना हसले असते. तिने ती नळी रुमालात गुंडाळून खिशात टाकली. माझी जागा गेली ती गेली, आता त्यांची अब्रू तरी राहू दे, असं तिने मनाशी ठरवून टाकलं. वेडी कुठली!

ती घरी पोचली तेव्हा आतल्या खोलीत हसणं-खिदळणं चाललं होतं. आई धाकट्याला पुन्हा पुन्हा तेच सांगायला लावत होती. बाबा बाहेर त्यांच्या टेबलाशी बसून धाकट्याची बंदूक पुसत होते. चष्मा कपाळावर सरकवलेला. मान दाराकडे वळवून ते आईला ओरडून सांगत होते, "अगं, चहा टाक, ती येईलच आता!" आणि बोलता बोलता त्यांनी धाकट्याच्या बंदुकीचा चोक काढला, अंगठ्याचं नख काठावरून फिरवलं, खट्, आणि न बघता डबीतल्या पहिल्या खणात ठेवला. एका खाचेच्या खणात.

थोरली उंबऱ्यातच थिजली. हे ती विसरली कशी? बाबा खाचा डोळ्यांनी मोजतच नाहीत. कधीच मोजल्या नाहीत. अंधारातसुद्धा त्यांचं नख चुकायचं नाही. आपला बाप म्हातारा झाला म्हणून ती वाटभर हळहळत आली होती, आणि इथे कुंपणानेच शेत खाल्लं होतं.

तिने रुमाल सोडून ती नळी टेबलावर ठेवली. बाबांनी हात लावला नाही.

"किती वेळा धूळ उडाली?" त्यांनी विचारलं.

"तीनदा."

"तीनच?" त्यांनी वर पाहिलं. "पाच खाचांवर, एवढ्या लांब, बाकी सगळ्या फोडल्यास? मला जमलं नसतं. शाब्बास, पोरी."

आयुष्यभर ज्याची वाट पाहिली तो शब्द असा आला.

"का, बाबा?"

त्यांनी फडक्याची घडी घातली. "तू हरलीस तरी उद्या उठून कामाला लागशील. तो हरला असता तर उठला नसता. तुझ्यात सोसायची ताकद आहे."

"म्हणजे ताकद होती हा माझा गुन्हा."

"हळू बोल. तो ऐकेल."

"त्याला सांगणार नाही तुम्ही?"

"नाही. आणि तूही सांगणार नाहीस. मी ओळखतो तुला."

खरं होतं ते, आणि त्याचाच तिला सगळ्यांत जास्त संताप आला. या माणसाने तिचा चांगुलपणासुद्धा नखाने मोजून ठेवला होता.

तेवढ्यात धाकटा बाहेर आला, तोंडभर हसत. "ताई, आलीस? अगं, बाबा सकाळीच म्हणाले होते, मी जिंकलो तर महिनाभर तूच माझी तयारी करून घेशील. घेशील ना गं?"

सकाळीच! म्हणजे बंदुका तयार करतानाच तिचा पुढचा महिनाही लावून झाला होता. थोरलीने बाबांकडे पाहिलं. ते डबीचं झाकण लावत होते, आणि झाकण काही केल्या बसत नव्हतं.

तिने पाच खाचांची ती नळी उचलून धाकट्याच्या तळहातावर ठेवली.

"बाबांकडूनच शीक," ती म्हणाली. "आधी हे शीक, खाचा न बघता कशा मोजायच्या. आणि शिकलास की त्यांना विचार, आज सकाळी माझ्या बंदुकीला त्यांनी किती मोजल्या."

धाकटा हसत हसत काठावरून नख फिरवू लागला. "एक, दोन..."

"राहू दे रे ते," बाबा म्हणाले. पण तो मोजतच राहिला.